उरलेलं पाऊल

२ ऑगस्ट

बाबांना विजेच्या सामानाच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी फुकट मिळते. ते निवृत्त झाले तरी दुकानदार आपल्या जुन्या वायरमनला विसरलेला नाही. दरवर्षी बाबा ती मला देतात आणि दरवर्षी मी तिच्यावर चहाचा कप ठेवते. यंदा आठव्या महिन्यात का होईना, उघडली. आज जे झालं ते कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं, आणि ऑफिसात मी एकटी.

माझा संगणकावरचा खेळ ज्या मोठ्या इंजिनावर चालतो, त्या इंजिनवाल्यांनी आज जाहीर केलं की जुनी आवृत्ती वर्षअखेरीला बंद. नवीन घ्या. नवीनमध्ये खेळ सुरू करणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या दारात हजेरी लावणार, मी कोण, कुठे बसलोय ते सांगणार, मग खेळ उघडणार. आणि नियम ते वाटेल तेव्हा बदलू शकतात, असाही एक नियम आहे.

माझा खेळ एकट्याने, शांतपणे खेळायचा आहे. दलदलीच्या काठावरचं एक गाव, लाकडी पुलांचं. संध्याकाळी एक बाई लांब काठी घेऊन घराबाहेर पडते आणि एकेक दिवा लावत जाते. बस. मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणं नाही. लोक विचारतात, मग खेळायचं काय? मी म्हणते, उजेड करायचा. यावर लोक "वा" म्हणतात आणि विषय बदलतात.

गाव मी रचलं, चित्रं माझी. दिवेवालीला चालती केली ती जिराफाने. जिराफ म्हणजे माझा भागीदार. होता. दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. त्याच्याबद्दल या डायरीत एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून मी ती सुरू करते आहे.

५ ऑगस्ट

जेवताना बाबांनी विचारलं, "इंजिन इंजिन म्हणतेस, ते नेमकं असतं काय?"

मी सांगितलं की खेळातलं चालणं, पडणं, उजेड, सावली, हे प्रत्येकाने मुळापासून करायचं म्हटलं तर आयुष्य त्यातच जाईल. म्हणून ते तयार मिळतं. त्यावर आपण आपला खेळ उभा करायचा.

"म्हणजे ओटा, मोरी, वायरिंग सगळं असलेलं भाड्याचं घर."

"तसंच."

"आणि आता घरमालक म्हणतो, पाहुणा आला तरी मला विचारून आत घ्यायचा."

"हो."

"मग सोड ते घर."

"बाबा, सामान किती आहे."

"तो उंच मुलगा तेव्हाच सांगत होता," असं काहीतरी पुटपुटले. मी वर बघितलं तर म्हणाले, "पाणी दे."

उंच मुलगा! चाळिशी उलटली त्याची. सांगत होता हे खरं आहे. "दुसऱ्याच्या जागेत विहीर खणू नये" हे त्याचं आवडतं वाक्य होतं. त्याला सगळं उचलून मोकळ्या इंजिनावर न्यायचं होतं. ते कुणाच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून केलेलं आहे, कुणीही घ्यावं. मी म्हणायचे, दुरून डोंगर साजरे. आधी खेळ पुरा कर, मग घरं बदल. खेळ काही पुरा झाला नाही.

मी एक अक्षर लिहिणार नव्हते. असो.

१७ ऑगस्ट

ठरवलं. घर बदलायचं. चार दिवस झोप नाही, पण त्यांच्या दारात उभं राहून माझी दिवेवाली नाव-गाव सांगते आहे, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

आता मला काही प्रोग्रॅम लिहिता येत नाही. त्या ओळींशी माझा कायमचा छत्तीसचा आकडा. म्हणून एक बाई ठेवली. आधी बँकेत होती, तिथल्या यंत्रणा सांभाळायची, जुळी मुलं झाल्यावर सोडलं, आता घरून आणि इथून काम करते. मी तिला मनात बँकवाली म्हणते. पहिल्या दिवशी तिने आमचा खेळ पाऊण तास खेळून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. पण यात होत काहीच नाही."

मला ती आवडली.

तिला मी सांगून ठेवलं की चित्रं, घरं, पूल हे सगळं जसंच्या तसं यायला हवं. चालणं मात्र साधंच आहे, त्याची जुनी फाइल उघडायचीही गरज नाही, मोकळ्या इंजिनातलं तयार चालणं लाव. त्यात एक गंमत होती, पण ती मोठ्या इंजिनाचा दोष होती, ती काही इकडे येणार नाही. हे सांगता सांगता उठून खिडकी लावली. खालच्या लाँड्रीची वाफ फार वर येते हल्ली.

२९ ऑगस्ट

गाव नव्या घरात आलं. पूल आले, पाणी आलं, उजेड तर पूर्वीपेक्षा सुरेख. मी टाळ्या वाजवल्या. बँकवालीने कळ दाबली, दिवेवाली पुलावरून चालत टोकाशी आली, थांबली, काठी उचलली. आणि काठी दिव्याला पोचेना. वीतभर कमी.

दुसऱ्या दिव्याशी गेलो. वीतभर कमी. तिसऱ्याशी तेच. गावातला एकही दिवा तिच्या हाताला येत नाही. अजून पुढे नेली तर पाण्यात पडते.

कारण मला लगेच कळलं. ती गंमत. मोठ्या इंजिनात आपण कळ सोडली तरी दिवेवाली तिथल्या तिथे थांबत नसे. एक पाऊल अजून टाकायची, अडायची, जरा मागे वळून बघायची, मग उभी राहायची. आम्ही त्याला उरलेलं पाऊल म्हणायचो. इतकी वर्षं गावातला प्रत्येक दिवा मी नजरेने लावला, तो ते पाऊल धरूनच.

"मग दिवे वीतभर अलीकडे घे ना," बँकवाली म्हणाली. "एका दुपारचं काम."

"नाही."

"का?"

"दिवे जागच्या जागी आहेत. तिचं पाऊल कमी पडतंय."

तिने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मुलांना आणायला गेली.

३० ऑगस्ट

त्या पावलाची गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दिवेवाली नुकती चालायला लागली होती. मी सकाळी ऑफिसात आले तर जिराफ आधीच येऊन बसलेला. डोळे तांबडे, रात्रभर जागलेला असणार. म्हणाला, "बघ जरा." मी कळ दाबली, सोडली. बाईसाहेब थांबल्या, पण एक पाऊल जास्त टाकून, आणि मग मागे वळून बघू लागल्या. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "काय वेंधळी आहे ही! दार ओढलं की नाही तेच हिला आठवत नाहीये. हे कुणी केलं?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "इंजिनाने. काहीतरी दोष असणार. काढून टाकतो."

तोवर मी पुन्हा कळ दाबली होती. पुन्हा. हसता हसता मी गप्प झाले, हे मला आठवतं. तोवर ती चित्रातली बाई होती, त्या पावलानंतर ती कुणीतरी झाली. मी म्हटलं, "खबरदार काढलंस तर."

"बरं," म्हणाला. आणि चहा करायला उठला, म्हणजे किटली लावून तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला खूश होता यायचं नाही. खूश झाला की किटलीकडे बघायचा.

६ सप्टेंबर

बाबा रोज संध्याकाळी मला न्यायला येतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, त्याचं निमित्त. आज त्यांच्यामुळे, त्यांच्या मते माझ्यामुळे, बस चुकली.

"आधी कडी, मग खिडकी," ते जिन्याखालून म्हणाले. "झाली का पाहणी? कुलूप पळून जात नाही."

मी म्हटलं, दार नीट बसत नाही, माहीत आहे ना तुम्हाला. त्यावर म्हणाले, घरचं दार तर मी स्वतः बसवलंय, तिथे काय करतेस? बस गेलेली होती, म्हणून हा विषय घरापर्यंत चालत आला. वाटेत म्हणाले, जिराफाच्या गावात नवीन ट्रान्सफॉर्मर बसला म्हणे, तरी वीज जातेच.

"तुम्हाला कसं माहीत?"

"पेपरात होतं."

कुठल्या पेपरात कुठल्या गावच्या बातम्या येतील, काही नेम नाही.

१५ सप्टेंबर

बँकवालीने मोकळ्या इंजिनात एक पाऊल जास्त टाकायला लावलं. काठी दिव्याला पोचली, दिवा लागला. मी अर्धा दिवस बघत बसले. पाऊल आहे, पण ते नाही. सैनिक थांबतो तशी थांबते. मान वळवायला लावली तर रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी दिसू लागली.

"काय हवंय नेमकं?" बँकवालीने विचारलं. तीही आता दमली आहे, आणि अहो-जाहो केव्हाच संपलं आहे.

"तिला जावंसं वाटत नाही, असं दिसायला हवं."

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मी जुना खेळ उघडून तिला पुन्हा दाखवला. स्वतःही बघितला. संध्याकाळपर्यंत तोच बघत बसले. मला जुन्या इंजिनाची फार आठवण येते. हसण्यासारखं आहे, ठाऊक आहे. यंत्राची कुणाला आठवण येते? पण येते. दुपारी चारला येते, किटली लावताना येते, कुणी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढलं की हात थांबतो आणि लाँड्रीतला माणूस असला की राग येतो.

२१ सप्टेंबर

आज डोक्यात वाईट विचार आला. मोठ्या इंजिनाच्या अटी मान्य करून टाकाव्यात. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. दारात हजेरी तर हजेरी, निदान दिवेवाली आहे तशी राहील. अटींचं पान उघडलं, शेवटपर्यंत गेले, "मान्य" वर बाण नेऊन ठेवला. मग बाबा आले आणि म्हणाले, चल.

भांडणाच्या दिवशी हाच विषय होता. जिराफ म्हणत होता, अजून वेळ आहे, आताच निघू. त्या दिवशी तो नेहमीसारखा थट्टेवारी नेत नव्हता. मी म्हटलं, "आणि उरलेलं पाऊल? ते कुठून आणशील?"

"मी करीन," तो म्हणाला.

"तू करशील! अशा गोष्टी ठरवून होत नसतात. ठरवून केलं की नाटकी दिसतं. इंजिनाला चुकून जमलं ते तुला जन्मात जमायचं नाही."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं." एवढंच. महिनाअखेर सामान आवरून गावी गेला. एका इंजिनावरून माणूस इतकी वर्षं मोडून जातो, याला काय म्हणावं? मी तेव्हा हट्टी म्हटलं होतं. बाबांनी काहीच म्हटलं नव्हतं, नुसते सहा महिने माझ्याशी कमी बोलत होते. मला वाटलं, कान दुखतात म्हणून.

२२ सप्टेंबर

बाण अजून तिथेच होता. पान बंद केलं.

४ ऑक्टोबर

आधी हे लिहिते, मग जेवते.

बँकवाली आज आली ती पर्स खाली न ठेवताच म्हणाली, "ती चालण्याची जुनी फाइल तू कधी उघडली होतीस?"

"नाही. मला काय कळतं त्यातलं? का?"

"तू सांगितलंस बघू नको, म्हणून मी बघितली नव्हती. काल चिडून बघितली. अगं, ते पाऊल इंजिनाचं नाहीये."

"मग कुणाचं?"

"लिहिलेलं आहे. हाताने. इकडे ये." तिने खुर्ची ओढली. "ही ओळ बघ. कळ सोडली की अजून एक पाऊल, पण अर्ध्यावर वेग कमी. मग थांबणं. मग मान. मान कुठेही वळत नाही, ज्या घरातून निघाली त्याच्या दाराच्या कडीकडे वळते. मग थोडं पुढे गेली की पुन्हा एकदा, या वेळी वर, खिडकीकडे. तिसऱ्यांदा नाही. किती वेळ बघायचं तेही दिलंय, दर वेळी किंचित वेगळं. म्हणून आपल्याला वाटतं आपोआप होतंय."

मी म्हटलं, "तुझं काहीतरी चुकतंय. तो स्वतः म्हणाला होता, दोष आहे."

"मी बँकेत पुष्कळ दोष बघितलेत," ती म्हणाली. "चुकीला इतकं डोकं कुणी लावत नाही. मला सांग, त्याने हे बसून कुणाचं तरी बघून केलं असणार ना? असं मनाने सुचत नाही कुणाला. कोण होतं तुमच्याकडे असं?"

मी म्हटलं, कुणी नाही, आम्ही दोघंच होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, मी चहा करते."

संध्याकाळी कुलूप लावलं. एक पायरी उतरले. अडले. वळून कडी बघितली. बाबा खाली उभे होते, आज रोजचं वाक्य बोलले नाहीत. रस्त्यावर आले आणि वर खिडकीकडे मान वळवली, आणि तशीच उभी राहिले. मला पुढे पाऊल टाकता येईना. बाबांनी येऊन माझा हात धरला.

५ ऑक्टोबर

इंजिनाला चुकून जमलं ते तुला जन्मात जमायचं नाही.

हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. आणि तो "बरं" म्हणाला.

९ ऑक्टोबर

बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ते पाऊल."

"मला तुमच्यातलं काय कळतंय. पण तू पहिल्यांदा ती बाई चालताना दाखवलीस, तेव्हाच मी म्हटलं होतं."

"तुम्ही म्हणालात, ही कुणासारखी तरी चालते."

"मग तेच की."

"सांगायचं ना मग, कुणासारखी."

"मला वाटलं तुम्हा दोघांना ठाऊक असेल. सगळ्या जगाला दिसतं ते." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्याच्याकडचा इन्व्हर्टर फार कटकट करतो."

"बाबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? फोन करता ना त्याला?"

"तो करतो. इन्व्हर्टरचं विचारायला."

"दोन वर्षं?"

"जुना आहे," बाबा म्हणाले.

मी खूप हसले आणि मग हसणं कुठे गेलं कळलं नाही. बाबा पाठीवर थोपटत राहिले. म्हणाले, त्याची आई आता उठत-बसत नाही, कुणीतरी लागतं तिला. तो गेला तो नुसता रागावून गेला असं समजू नकोस. पण रागावला नव्हता असंही समजू नकोस.

मी इतके दिवस इंजिनाची आठवण येते म्हणून लिहीत होते. या डायरीला तरी खरं सांगायला हवं. मला त्याची आठवण येते. रोज येते. तो होता तेव्हाही यायची, संध्याकाळी कुलूप लावून घरी गेले की.

१४ ऑक्टोबर

बँकवालीने जुन्या फाइलमधलं सगळं ओळीने नव्यात उतरवलं. जवळजवळ जमलं आहे. काठी दिव्याला पोचते. त्या पावलाने पहिला दिवा लागला, तेव्हा ती कोरडेपणाने म्हणाली, "हां, आता काहीतरी होतंय खेळात." पण मान जरा लवकर फिरते, का ते तिला कळत नाही. दोन इंजिनांचं वेळेचं गणित वेगळं आहे म्हणे.

पहिला भाग जिराफाला पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. शेवटी नुसता खेळच पाठवला.

१८ ऑक्टोबर

काही नाही.

२३ ऑक्टोबर

काही नाही. बाबांचा इन्व्हर्टरही गप्प आहे.

२ नोव्हेंबर

आज आला.

न कळवता. मी किटली लावत होते आणि जिन्यावर दोन दोन पायऱ्यांचा आवाज झाला. लाँड्रीवाला असेल म्हणून मी मागे बघितलंच नाही. दाराची चौकट ठेंगणी आहे, पूर्वी त्याच्या कपाळाला कायम एक टेंगूळ असायचं, मग तो वाकायला शिकला. दोन वर्षांनी आला तरी न बघता बरोबर वाकला.

केस पिकले आहेत. मी म्हटलं, "जेवलास?" यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही. तो म्हणाला, बसमध्ये खाल्लं. आईपाशी शेजारची बाई बसली आहे, संध्याकाळच्या बसने निघायला हवं.

बँकवालीने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, ओळी दाखवल्या, दोघं तासभर त्यांच्या भाषेत बोलत होती. मग तिला अचानक मुलांच्या शाळेत काम निघालं. रविवारी शाळेत काय काम असतं, देव जाणे.

तो कळ दाबत, सोडत बसला. दिवेवाली थांबत होती, वळत होती.

"दोष होता म्हणालास," मी म्हटलं.

"तू हसलीस ना तेव्हा."

"म्हणून?"

"मग काय सांगणार होतो?" तो पडद्याकडेच बघत होता. "नंतर सांगायचं होतं. पण तुला ते इतकं आवडलं, की वाटलं, माझं आहे कळलं तर आवडणार नाही."

खाली लाँड्रीत कुणीतरी नाणी मोजत होतं, तेवढाच आवाज. मग मी म्हटलं, "मी म्हटलं होतं, अशा गोष्टी ठरवून होत नसतात."

"हो."

"ते चुकलं माझं."

"नाही," तो म्हणाला. "बरोबर होतं ते. मी ठरवून नव्हतंच केलं. रोज बघत होतो. एका रात्री लिहायला बसलो तर तेच आलं."

आणि उठून किटलीकडे गेला, तिच्याकडे बघत उभा राहिला. पाणी केव्हाच उकळलं होतं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. जवळ जावं असं वाटलं आणि मी गेले, त्याच्या शर्टाच्या बाहीला धरून उभी राहिले. तो हलला नाही. कितीतरी वेळाने म्हणाला, "आईला आणता येणार नाही गं. तिला ते घर सोडून काही ओळखू येत नाही."

"आणि मला बाबांना सोडून येता येणार नाही."

"हो. ते सांगतात, तुझ्याशिवाय त्यांच्याबरोबर चालायला कुणी नाही."

"ते मला न्यायला येतात की मी त्यांना?"

"दोघंही असंच विचारता," तो म्हणाला, आणि आम्ही जरा हसलो.

कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा मला लाज वाटू लागली. म्हटलं, तू लाव. तो म्हणाला, नाही, तूच लाव. लावलं. एक पायरी उतरले आणि ठरवलं, आज वळायचं नाही. नाही राहवलं. तो माझ्या मागे वरच्या पायरीवर उभा होता, कडी त्याच्या आड. इतकी वर्षं तो तिथेच उभा असायचा, शेवटी उतरायचा म्हणून. मी कडीकडे बघायचे, असं मला वाटायचं.

बस लागलेली होती. बाबा स्टँडवर आधीच येऊन बसले होते, हातात इन्व्हर्टरसाठी फ्यूज. जिराफ वाकून बसमध्ये चढला, खिडकीशी बसला. बस निघायला वेळ होता, पण मला तिथे उभं राहवेना. बाबांना म्हटलं, चला. निघाले. एक पाऊल टाकलं, अडले, वळले. खिडकीत तो होता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला. मला वाईट वाटलं. बस सुटायची घाई झाली असेल, असं वाटलं.

३ नोव्हेंबर

सकाळी त्याचा निरोप आला. त्यात एक आकडा होता, दुसरं काही नाही.

बँकवालीला दाखवला. ती म्हणाली, "अगं, हा मान वळवून थांबण्याचा वेळ आहे. पण जुन्या फाइलपेक्षा बराच जास्त दिलाय. चुकला असेल का?"

मी म्हटलं, नाही, मोजून दिला आहे.

तिने तो भरला. मी दिवेवालीला घराबाहेर काढली, पहिल्या पुलापर्यंत नेली आणि कळ सोडली. तिने उरलेलं पाऊल टाकलं, अडली, वळली. मान आता लवकर फिरत नाही. ती बघत राहते, बघत राहते, आणि मग काठी उचलून दिव्याकडे जाते.

मोठ्या इंजिनाचं खातं दुपारी बंद केलं. संध्याकाळी बाबा जिन्याखालून म्हणाले, "आज फार वेळ लागला." मी म्हटलं, हो, हल्ली लागतो.